पेठेत न थांबलेली फटफटी

मुलगी बघायला मी पेठ नावाच्या गावात एकाच सकाळी तीनदा गेलो. थांबलो फक्त तिसऱ्यांदा.

छप्पन-सत्तावन्नची गोष्ट. आमच्या पिंपळवंडीत तेव्हा इंजिनावर पळणाऱ्या कुठल्याही दुचाकीला ‘फटफटी’च म्हणत. मी गावच्या डॉक्टरांची पायडलवाली चालवली होती (सायकलच ती, फक्त खोकणारी! पायडल उलटं मारलं की थांबायची.) आणि एका व्यापाऱ्याच्या स्कूटरवर मागं बसून जुन्नर पाहून आलो होतो. तेवढ्यावर गावभर सांगत सुटलो, “आपल्याला समद्या फटफट्या येत्यात!”

आधीच्या दोन स्थळांनी नकार दिला होता. या खेपेला छाप पडलीच पाहिजे म्हणून मामांनी जुन्नरच्या इस्माईलभाईंची मोटारसायकल मागितली. ते बिचारे स्वतः ती घेऊन आले.

“भाऊ, हिला पायडल न्हाई. स्कूटरवानी मुठीत गिअर बी न्हाई. गिअर ह्या पायाला, ब्रेक त्या पायाला...”

“ठाऊक हाय वो!”

त्यांनी पहिला गिअर टाकून दिला आणि मी निघालो. (मामा मागं बसले होते. अर्धेच सीटवर!) त्याच गिअरात, बोंबलणाऱ्या इंजिनासकट, पेठ आलं. मुलीचे वडील चार मंडळींसह हात जोडून दारात उभे.

गाडी थांबवायला मी सवयीनं पायडल उलटं मारलं. हवेत!

“पावणं नदीत पवतंय का काय?” कुणीतरी विचारलं.

तोल गेला, मूठ आवळली, ती पिळली गेली आणि जोडलेल्या हातांपुढून आम्ही भर्रकन पुढं!

“पावणं, घर हितं हाय!” मुलीचे वडील ओरडले.

“आलोच!”

गावाबाहेर कशीबशी वळवली. आता स्कूटर आठवली. डावी मूठ जोरात फिरवली. मुठीचं रबर निघून हातात आलं!

“आरं, थांबीव की!” मामा किंचाळले.

“तेच चाललंय, मामा!”

पुन्हा तेच दार.

“पोरगी बघायची न्हाई का?”

“बघितली! लई झ्याक हाय!” (दिसली होती ती तिची आत्या.)

तिसऱ्या फेरीला गाडीनंच निर्णय घेतला. ती अंगणात शिरली, वाळत घातलेल्या कांद्यांवरून घसरली आणि आडवी होऊन गप्प झाली. मी कांद्यांत, मामा माझ्यावर. माझ्या डोळ्यांत पाणी. लोकांना वाटलं, कांद्यामुळं.

“ऊठ,” मामा पटका शोधत म्हणाले. “हे बी स्थळ गेलं.”

तेवढ्यात मुलीचे वडील आतून आले. चेहरा माझ्याहून गोंधळलेला. “पोरगी... हो म्हणतीया.”

मामा पुन्हा कांद्यांत बसले!

लग्नानंतर मी छाती फुगवून बायकोला विचारलं, “माझ्यात असं काय बघितलंस गं?”

“ज्याला आपली गाडी थांबवता येत न्हाई,” ती म्हणाली, “त्यो मला कशाला अडीवतोय!”

तिचा अंदाज आजवर एकदाही चुकलेला नाही.