पोळपाट, झाकण आणि मारबाई

सौदी अरेबियात राबिघला आमच्या कंपाउंडात त्या काळी दोन पंथ होते. एक पोळपाटवाल्यांचा, दुसरा झाकणवाल्यांचा. उपग्रहावरून रेडिओ ऐकवणाऱ्या दोन कंपन्या तेव्हा नुकत्याच बाजारात उतरल्या होत्या आणि त्यांच्या खऱ्या नावांशी कुणालाच देणंघेणं नव्हतं. एकीचा अँटेना चपटा, पांढरा, पोळपाटाएवढा. दुसरीचा गोल, मध्ये मूठ असलेला, थेट पातेल्याचं झाकण. खिडकीत काय लावलंय यावरून माणसाची पारख व्हायची. झाकणवाले पोळपाटवाल्यांना चेंगट म्हणत, पोळपाटवाले झाकणवाल्यांना उधळे. आमच्या खिडकीत काहीच नव्हतं, त्यामुळे दोन्ही पंथांचे प्रचारक आमच्याकडे चहाला येत आणि माझा दुधाचा डबा लवकर संपे.

मला रेडिओ हवा होता तो लेकीसाठी. ती सहा वर्षांची. मी मराठीत ओरडायचे, ती इंग्रजीत उत्तर द्यायची आणि फारच अंगाशी आलं तर हिंदीत. एवढं मी सोसलं असतं. पण दर शुक्रवारी आम्ही नाशिकला माझ्या वडिलांना फोन लावायचो. ते विचारायचे, "काय गं, काय जेवलीस?" ही म्हणायची, "फाइन." ते विचारायचे, "शाळेत काय शिकवलं?" ही म्हणायची, "फाइन, आजोबा," आणि रिसीव्हर माझ्या हातात. एकदा बाबा मला हळूच म्हणाले, "तिला माझं बोलणं कळत नसेल गं. कवळी काढून बोलतो ना मी. पुढच्या वेळी लावून बोलतो." पुढच्या शुक्रवारी त्यांनी खरंच कवळी लावली, एकेक शब्द सुटा करून बोलले आणि ही म्हणाली, "फाइन." फोन ठेवल्यावर मला रडू आलं. रडू आलं की मला राग येतो, आणि राग आला की समोर नवरा असतो.

"हे सगळं तुझ्या या वाळवंटामुळे," मी म्हटलं.

"वाळवंट माझं नाही," नवरा म्हणाला. "आणि आता नोकरीही फार दिवस माझी राहील असं दिसत नाही."

तेही खरंच होतं. सौदीकरणाची हवा होती. कारखान्यात रोज नवी अफवा उठायची की अमुक पद आता सौदी माणसाला देणार, तमुकचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, पुढे वाढणार नाही. नवऱ्याच्या हाताखाली एक तरुण सौदी इंजिनियर शिकत होता. उद्या तोच नवऱ्याच्या खुर्चीत बसणार हे नवऱ्याला ठाऊक होतं, त्या तरुणालाही ठाऊक होतं. तो इतका गोड होता की त्याच्यावर राग काढायचीही सोय नव्हती, आला की खजूर घेऊन यायचा. म्हणजे आज ना उद्या नाशिक. आणि तिथे माझी लेक माझ्या बापासमोर बसून काय करणार? मी मध्ये दुभाषी होऊन बसणार?

म्हणून मराठी रेडिओ. टीव्हीवर हिंदी मालिकांचा पूर होता, पण टीव्ही लावला की ही पडद्याला चिकटायची आणि कान बंद करायची. रेडिओ नुसता बोलत राहील, मी पोळ्या लाटेन, ही चित्रं काढेल आणि मराठी आपोआप हिच्या कानात मुरेल, लोणचं मुरतं तसं. हा माझा विचार. नवऱ्याचा विचार असा की निर्णय शास्त्रशुद्ध हवा. त्याने कॉम्प्युटरवर तक्ता केला. आवाजाची स्पष्टता, अँटेनाची धूळ सोसण्याची ताकद, बॅटरी, अशा प्रत्येक गुणाला मार्क. 'मराठी' हा रकाना त्याने सगळ्यात शेवटी, 'हमी' आणि 'रंग' यांच्याही खाली टाकला होता. तो मी वर न्यायला लावला.

बाजारात रेडिओचं एकच मोठं दुकान होतं आणि तिथे रत्नागिरीकडचे एक भाई वर्षानुवर्षं विक्रीला होते. पण आता काउंटरवर सौदी माणूसच पाहिजे असा नियम आला होता. म्हणून भाई कागदोपत्री गोदामात गेले होते आणि प्रत्यक्षात काउंटरमागच्या पडद्याआड बसत होते. पुढे एक हसरा सौदी विक्रेता. गिऱ्हाइकाने काही विचारलं की तो "लहजा, लहजा", म्हणजे एक मिनिट, असं म्हणत पडद्याआड जायचा आणि उत्तर घेऊन यायचा. देवळात कौल लावतात तसं ते वाटायचं. आम्ही गेलो त्या दिवशी नेमके भाई इकाम्याच्या कामाला गेलेले. म्हणजे देव जागेवर नाही आणि कौल चालू.

"मराठी आहे का?" मी विचारलं.

तो पडद्याआड गेला, रिकामाच परत आला, पण हार मानणाऱ्यातला नव्हता. त्याने आधी झाकणाचा रेडिओ लावला. पुष्कळ बटणं दाबली. "मराठी? माफी," म्हणाला. म्हणजे नाही. मग पोळपाटाचा लावला. त्या रेडिओच्या इवल्या पडद्यावर तीनच अक्षरं मावायची. एका जागी तो थांबला आणि पडदा अभिमानाने आमच्याकडे फिरवला. एम, ए, आर.

"मार!" तो म्हणाला. "मार, तमाम!" तमाम म्हणजे एकदम ठीक.

आत गाणं चाललं होतं. गाणं काय, कुठल्याही भाषेत गाणंच असतं. नवऱ्याने खिशातून तक्ता काढला, मराठीच्या रकान्यात पोळपाटाला दहापैकी दहा दिले आणि आम्ही वर्षाची वर्गणी भरून बाहेर पडलो. आमच्या मागेच उभा असलेला नवऱ्याचा मल्याळी सहकारी पडद्यावर एम, ए, एल बघून पोळपाटच घेऊन गेला.

घरी खिडकीत पोळपाट लावला. गाणं संपलं आणि एक बाई बोलू लागली. भरभर, खणखणीत, श्वास न घेता. आम्ही तिघं कान लावून बसलो.

"वऱ्हाडातली असेल," नवरा म्हणाला. तो पुण्याचा. पुण्याबाहेरचे लोक काहीही बोलू शकतात यावर त्याचा दृढ विश्वास आहे.

"अहिराणी नाही एवढं नक्की," मी म्हटलं. नाशिकची असल्यामुळे तेवढं मी ठामपणे सांगू शकत होते.

बाई सारखी 'वाखा, वाखा' म्हणत होती. नवऱ्याचा चेहरा उजळला. "ऐकलंस? जेवणाचे वाखे झाले म्हणतो ना आपण? तेच. दुष्काळी भागातली आहे बिचारी."

खोटं कशाला सांगू, तीन-चार दिवस आम्ही त्या दुष्काळी बाईबद्दल हळहळत होतो. लेक तिसऱ्या दिवशीच म्हणाली होती, "मम्मा, दिस इज नॉट मराठी." मी तिला म्हटलं, "तुला काय कळतंय मराठीतलं?"

शेवटी मीच रेडिओ पिशवीत घालून दुकानात गेले. भाई पडद्याआडून बाहेर डोकावले, दोन मिनिटं ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "अवो ताय, ही मराठी नाय. ता मोरोक्कोचा टेशन हाय. मार म्हंजे मोरोक्को. वाखा म्हंजे त्यांचा 'बरा'. त्या पोरान काय इकलान तुमाला?"

"आणि मल्याळी?" मी विचारलं.

"ता माली. आफ्रिकेतला."

मी काउंटरवरच्या विक्रेत्याकडे बघितलं. तो मन लावून ऐकत होता. "मोरोक्को," तो मान हलवत म्हणाला, "हे तर आम्हालाही कळत नाही." आणि इतकं निर्मळ हसला की तोंडाशी आलेलं सगळं मी गिळलं. उघडलेला खोका परत घेत नाहीत. खलास.

घरी येऊन मी नवऱ्याचा तक्ता फाडला. पण वर्गणी भरलेली होती, आणि भरलेल्या वर्गणीचा रेडिओ बंद ठेवणं आमच्या दोघांच्याही रक्तात नाही. रोज दुपारी, लेक शाळेतून आली की मोरोक्कोची ती बाई आमच्या स्वयंपाकघरात बोलू लागायची. एम ए आरची म्हणून आम्ही तिला मारबाई म्हणू लागलो.

एके दिवशी माझं डोकं तापलेलं होतं. दप्तर सोफ्यावर, एक बूट दारात, दुसरा देव जाणे कुठे. मारबाई तावातावाने बोलत होती. मी लाटणं हातात धरून म्हटलं, "ऐकलं का मारबाई काय म्हणतेय? म्हणतेय, राबिघमधल्या एका मुलीने दप्तर सोफ्यावर टाकलंय. वाखा! तिने ते ताबडतोब उचलावं."

लेक खिदळली. "नो! शी इज सेइंग..."

"ए, मराठी रेडिओ आहे हा," मी म्हटलं. "इंग्रजीत सांगितलं तर धरणार नाही."

ती थांबली. तोंडात शब्द गोळा करत राहिली. मग म्हणाली, "ती म्हणतेय... की... आईने भाजी जळवली. वाखा."

मी मागे वळून बघितलं. भाजी खरंच करपली होती.

त्या दिवसापासून मारबाई आमच्या घरात मराठीत बोलू लागली. लेकीची मारबाई फार तोंडाळ होती. ती माझ्या भाज्यांवर टीका करायची, नवऱ्याच्या टकलावर बातम्या द्यायची, शाळेतल्या एका मुलीने रबर चोरल्याची तपशीलवार माहिती पुरवायची. शब्द अडला की लेक मला विचारायची, "रिव्हेंजला काय म्हणतात?" मी सांगायचे, "सूड," आणि मारबाई लगेच सूड घ्यायची. चुका भरपूर असायच्या. 'माझी केस', 'तो चहा सांडली'. मी ओठ आवळून गप्प बसायचे. जन्मात इतकी गप्प मी कधी बसले नाही. आणि मारबाई कमरेवर हात ठेवून जे काही बोलायची ते हुबेहूब माझंच असायचं. "एकदा सांगितलेलं कळत नाही का? मी काय इथे नोकर आहे?" असं मी बोलते हे मला मोरोक्कोमुळे कळलं.

नवराही खेळात आला. एका संध्याकाळी मारबाईच्या जागी पुरुष बातम्या देत होता. नवरा बूट काढता काढता म्हणाला, "बातमी अशी आहे की राबिघच्या एका इंजिनियरचं काम आता त्याचा विद्यार्थी बघणार आहे. मुलीची परीक्षा झाली की इंजिनियर सहकुटुंब नाशिकला जाईल. विद्यार्थी हुशार आहे, कारखान्याने काळजी करू नये."

मी लाटणं खाली ठेवलं. लेक म्हणाली, "बाबा, हे खरं आहे की मारबाईचं?"

"खरं," नवरा म्हणाला. तिने विचार केला आणि म्हणाली, "वाखा."

त्याच सुमाराला वर्गणीचं वर्ष संपत आलं आणि भाईंनी झाकणाचा रेडिओ आमच्याकडे महिनाभर वापरून बघायला पाठवला. आता त्यावर खरोखरीची मराठी लागत होती. आम्ही पोळपाट उतरवला, झाकण लावलं, तिघं समोर बसलो. एक गृहस्थ स्वच्छ, सुरेख मराठीत वांग्यावरच्या किडीबद्दल बोलले. मग एका बाईंनी थालिपीठाची कृती सांगितली. माझे डोळे भरून आले, कबूल करते. लेक शहाण्यासारखी बसून होती. थालिपीठ तव्यावर पडलं आणि ती म्हणाली, "आई, हे बंद कर."

"का गं? सगळं कळतंय ना?"

"सगळंच कळतंय," ती वैतागून म्हणाली. "मग आपण काय बोलायचं?"

नवरा उठला आणि कॉम्प्युटरवर नवा तक्ता करून आला. त्यात एकच रकाना होता. 'न कळणे.' पोळपाटाला दहापैकी दहा, झाकणाला शून्य. झाकण परत गेलं. भाईंनी पडद्याआडून मला वेड्यात काढलं. "चार म्हयन्यांत जाताव तुमी, ताय. वर्साची वर्गनी भरून काय करताव? आनि ती पन मोरोक्कोची?" मी म्हटलं, "भाई, तुम्ही पावती करा." कंपाउंडात झाकणवाले म्हणाले, हिला ऊन बाधलंय. मी त्यांना चहा देणं बंद केलं.

त्या शुक्रवारी बाबांना फोन लावला तेव्हा खिडकीत पोळपाट परत चढला होता आणि मारबाई जोरात होती. मी स्पीकर सुरू केला. बाबा म्हणाले, "काय गं, काय जेवलीस?"

"थांबा आजोबा," लेक म्हणाली. "आधी मारबाई ऐका. तुम्हाला कळणार नाही. मी सांगते." आणि तिने फोन रेडिओजवळ ओढला आणि सुरुवात केली. करपलेली भाजी, रबराची चोरी, नवऱ्याचं टक्कल, झाकणातली वांग्याची कीड. तिकडून बाबांचं हसू ऐकू आलं, खोकल्यासारखं, दबलेलं. मी कणकेच्या हातांनी तशीच उभी राहिले.

"अस्सं," बाबा म्हणाले. "आता मला ऐकू दे. मी सांगतो ती काय म्हणतेय."

मारबाई बोलत राहिली. बाबा घसा साफ करून म्हणाले, "ती म्हणतेय, नाशिकला लवकर या. आजोबांना एकट्याला करमत नाही."

लेकीने कान रेडिओला लावला, नीट ऐकलं आणि मान हलवली. "नाही आजोबा. ती तसं म्हणत नाहीये. ते तुम्ही म्हणताय."

"हो," बाबा म्हणाले. "मीच म्हणतोय."

"मग तसं सरळ सांगायचं ना," लेक म्हणाली.