शेवरीच्या सावलीतले पाच रोहन

काळजी करणाऱ्या माणसाजवळ किस्से लवकर साचतात, राजेहो! कामरगावात माझं किराणा दुकान आहे, पण जीव सगळा बालमित्र वसंताच्या मुरमाड पडीक तुकड्यात. आमच्या शिवारातला रोहनाचा शेवटचा वृक्ष वादळात पडला. त्याच्या बियांची पाच रोपं तिथं आहेत. ती गेली की आमच्याकडचा रोहन संपला. म्हणून मी, वसंता आणि राखणीला बसणाऱ्या कमलामावशी, असे तिघं त्या पाचांमागे लागलोय.

*

रोपांभोवती आधी शेवरी लावली. शेवरी भराभर वाढते, सावली धरते, आणि हवेतला नत्र मुळांवरच्या गाठींत साठवून जमिनीला देते. वसंताला सांगितलं, "सोयाबीनच्या मुळाले गाठी असतात ना, तसंच."

"मंग सोयाबीनच पेरू ना! कायले एवढा ताप?"

"आन उन्हाळ्यात रोहनाच्या डोक्यावर सावली कोन धरन? तू?"

वसंता खड्डे खोदायला लागला.

*

एका फाल्गुनात रोपांचे शेंडे लालभडक झाले. त्यातलं एक पान खिशात घालून थेट कारंजा गाठलं, दोन औषधं आणली. पंप पाठीवर चढवतो तोच वसंता ओरडला, "अबे, पालवला तो! रोहनाची नवी पानं लालच येतात. लहानपनी पाह्यलं नाही काय?"

ती औषधं अजून दुकानात आहेत. कोणाला पाहिजेत का?

*

मानोऱ्याला साळ्याच्या लग्नात मंगलाष्टकं चालू आणि आभाळ काळंकुट्ट. गारा पडल्या तर? मांडवाबाहेर येऊन मावशींना फोन लावला. मग पुन्हा लावला. शेवटी त्या वैतागल्या, "रोहन मजेत हाय. अक्षता टाका अन् जेवा!"

बायको मागेच उभी होती. "पोरीच्या बारावीले तुमाले एवढी काळजी नाही वाटली!"

*

एकदा वनखात्याचे एक साहेब रोहन पाहायला आले. शेवरीच्या बुंध्याला हात लावून फोटो काढला. "वा! रोहन जोरात वाढलाय!" माझी नजर त्यांच्या बुटावर. टाचेपासून रोप बोटभर लांब! मावशींनी सरळ साहेबांचं मनगट धरून ओढलं.

"साहेब, ज्याले पाहाले आले त्याच्यावरच पाय देऊन राह्यले तुमी!"

*

यंदा मात्र खरी पंचाईत झाली. शेवरी डोक्यावरून गेली. खाली गच्च सावली, आणि रोहन उन्हासाठी तडफडत काडीसारखे लांब, वाकडे झालेले. शेवरी छाटायलाच हवी होती. वसंता कुऱ्हाड घेऊन आला, तर मावशी आडव्या!

"रोपं तान्ही व्हती तवा या शेवरीनंच सांभाळली. आता मोठी झाली त हिलेच तोडता? माह्या जित्तेपनी कुराड लागू देनार नाही!"

मावशी रुसल्या तर राखण कोण करणार? आणि छाटलं नाही तर रोहन जाणार. मला तर झोप लागेना.

शेवटी एका सकाळी त्यांना हात जोडायचे ठरवून गेलो. पाहतो तर फाटक सताड उघडं आणि आत शेळ्या! अख्ख्या तांड्याच्या! तसाच धडपडत आत गेलो.

पाचही रोहनांवर बोरीच्या काट्या गच्च रचलेल्या होत्या. आणि मावशी शेवरीच्या फांद्या वाकवून वाकवून शेळ्यांच्या तोंडाशी धरत होत्या.

"मावशी, हे काय करून राह्यल्या?"

"काय म्हंजे? कुराड लागली काय कुठं?"