टॅपेटची टकटक आणि तिकोण्याची पैज

पैज अशी होती: शनिवारी माझी म्हातारी मोटारसायकल न ढकलता पुण्याहून तिकोणा पेठेला जाऊन आली तर घरात राहील, नाहीतर रविवारी एक गृहस्थ येऊन तिला घेऊन जातील. पैज लावणारी माझी बायको, रोहिणी. निकाल देणारीही तीच, आणि मागच्या सीटवर बसलेली.

मी निश्चिंत होतो. शेजारी इंजिनाच्या टकटकीला कंटाळले होते आणि मौनाची थोरवी सांगणारी सुभाषितं मला शाळेपासून पाठ. तेव्हा निघण्याआधी मी स्वहस्ते टॅपेट, म्हणजे झडपांच्या दांड्यांचे नट, आवळत गेलो, गाडी मौनीबाबा होईपर्यंत.

द्रुतगती मार्गावर दुचाकीला मज्जाव, म्हणून जुना हायवे. सातच्या आत निघालात तर ट्रक अजून आळसावलेले असतात आणि वडगावला मिसळ पहिल्या तर्रीची मिळते. कामशेतहून पवनानगरमार्गे तिकोण्याला थेट उतरता येतं. आम्ही हौसेनं लोणावळ्याचा वळसा घेतला. कार्ल्याच्या अलीकडे मौनीबाबांनी समाधी घेतली. किक मारली, तर पाय लोण्यात गेल्यासारखा.

"ढकला," रोहिणी उतरत म्हणाली. "पैज मी जिंकले. चिक्की तेवढी तुमच्याकडून."

फाट्याजवळ दशरथआबांचं गॅरेज, म्हणजे आंब्याखाली एक पत्र्याची शेड. आबांनी किक हातानंच दाबून पाहिली.

"टॅपेट कुनी आवळलं?"

"मीच."

"लय शिकल्यालं दिसताय."

"मग खोला की आबा."

"आत्ता न्हाई. इंजिन गार झाल्याबिगर हात लावायचा न्हाई. तापल्यालं इंजिन खोटं बोलतंय. जेवा, बांधावर जरा पडा."

त्यामुळे प्रवासातले सर्वोत्तम तीन तास मी काहीही न करता मिळवले. कापणीला आलेली भातखाचरं, वर डोंगर, आणि आबांच्या पत्नी हिरामावशींनी वाढलेला इंद्रायणीचा भात नि पिठलं. मजुरी दोनशे झाली; जेवणाचं विचारलं तेव्हा मावशी फक्त रागावल्या.

इंजिन हाताला गार लागल्यावर आबांनी झाकण उघडलं. पिस्टन वर आणायचा आणि झडप उचलणारी दांडी दोन बोटांत धरायची. ती सहज फिरावी, पण वरखाली हलू नये. माझी दांडी खिळ्यासारखी घट्ट होती. तापून धातू फुगला की झडप पुरती मिटतच नव्हती. इंजिनाला दम राहणार कुठून?

नट आबा फिरवत होते, पण दांडी तपासायला मावशी आल्या. "कारखान्यात पत्रं वढून ह्यांची बोटं दगड झाल्यात," त्या म्हणाल्या. मग स्वतःचे पिठाचे हात बघून रोहिणीकडे वळल्या. "तूच बग बाय. तुजी बोटं बारीक हायती."

पेट्रोलच्या वासानं एरवी नाक मुरडणारी रोहिणी वाकली. "घट्ट आहे... अजून घट्ट... थांबा! आता फिरतेय. वरखाली नाही होत."

"बास!" मावशी म्हणाल्या. "हितंच पक्कं करा आता, हुबं काय ऱ्हायलाय?"

दुसरी दांडीही तशीच लागली. पहिल्याच किकला गाडी सुरू. आणि टकटक परत. उकळत्या भातावरच्या झाकणासारखी हलकी.

"आबा, आवाज येतोय की."

"यायलाच पायजे. आवाज हाय म्हंजी फट हाय, फट हाय म्हंजी गाडीला दम हाय."

दुधिवरे खिंडीची चढण गाडीनं टकटक करत, मजेत घेतली. मागून एकदाही "उतरू का?" आलं नाही. खाली पवनेचं पाणी चकाकत होतं. तिकोणा पेठेत चहा घेतला. गड पायथ्यावरूनच पाहिला, कारण माझ्या गुडघ्यांची फट अजून कुणी तपासलेली नाही. परतीला कामशेतचा जवळचा रस्ता धरला. चिक्की राहूनच गेली.

रविवारी गृहस्थ आले. पैज मी हरलो होतो, म्हणून निमूटपणे गाडी सुरू करून दाखवली. त्यांनी कान टवकारले. "आवाज फार करते हो. जरा आवळून घ्यावी लागेल."

"आवळून?" रोहिणी दारातूनच म्हणाली. "तुम्ही चहा घ्या. गाडी द्यायची नाहीये."

तेव्हापासून अधूनमधून, सकाळी गाडी गार असताना, आम्ही दोघं अंगणात बसतो. पाना माझ्या हातात, दांडी तिच्या बोटांत.

"अजून थोडं सैल," ती म्हणते.

मी सोडतो.