म्हसोबाचा फ्लॅट नंबर

मंडळी, सकाळपासून डोकं तापलंय, म्हणून इथे लिहिते.

विश्रांतवाडीत राहायला आले तेव्हा खिडकीतून ज्वारी दिसायची. आता शेजाऱ्यांचे टॉवेल दिसतात. आमच्या पार्किंगच्या कोपऱ्यात मात्र शेंदूर लावलेला म्हसोबा अजून आहे. ही जमीन ज्यांची होती, त्या घरातल्या सोनाबाई दर अमावास्येला त्याला दहीभाताचा नैवेद्य आणतात.

आज वॉचमनने त्यांना गेटवर अडवलं. येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंद करायचं नवीन ॲप आलंय ना! "आजी, फ्लॅट नंबर सांगा, त्याशिवाय आत सोडता येत नाही."

"म्हसोबाचा नंबर मला ठावं न्हाई, बाबा."

आमचे चेअरमन तिथेच होते. म्हणाले, "नियम सगळ्यांना सारखा."

"अहो, काल तुमचा पिझ्झा न विचारता वर गेला. त्याला कोणता नियम?" मी विचारलं. चेअरमनना अचानक फोन आला.

शेवटी मी माझा फ्लॅट नंबर देऊन सोनाबाईंची 'पाहुणी' म्हणून नोंद केली आणि मोठे उपकार केल्यासारखं त्यांना सांगितलंही.

नैवेद्य ठेवून त्या माझ्याजवळ आल्या. "तू कंच्या बिल्डिंगीत ऱ्हातीस?"

मी बोट दाखवलं.

"तितं आमची हीर व्हती. उन्हाळ्यातबी आटायची न्हाई. लई ग्वाड पानी."

त्याच वेळी आमच्या बिल्डिंगचा आजचा दुसरा टँकर हॉर्न वाजवत आत शिरला. त्याला कुणीही फ्लॅट नंबर विचारला नाही.

तुमच्या घराखाली काय होतं, हे सांगणारं कुणी तुमच्या गेटबाहेर उभं आहे का? जरा बघून या.