खेळाची वहिवाट

माझ्या नाकाच्या शेंड्यावर राग असतो, हे जळगावात आमच्या गल्लीत कोणालाही विचारा. त्या दिवशी तर तळपायाची आग मस्तकात गेली होती. पोस्टमनने सलग तिसरं कार्ड आणून दिलं. आधी दोंडाईचा, मग साक्री, आता शिरपूर. मजकूर तोच: "ताई, विहिरीच्या गोष्टीचा दुसरा भाग कधी काढताय? आमची सगळी मंडळी खोळंबली आहे."

कुठली विहीर? मी विहिरीची गोष्ट लिहिलीच नव्हती!

मी लिहिला होता तो एक खेळ. नव्वद-एक्क्याण्णवचा सुमार असेल, मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. मुंबईच्या मामेभावाने सुट्टीत एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणलं आणि ते माझ्या डोक्यातच शिरलं. त्यात पट नाही, सोंगट्या नाहीत. चारपाच जणांनी गोल करून बसायचं. एकाने सांगायचं, "तुम्ही घाटात आहात, समोर वाट फुटलीय." बाकीच्यांनी आपापलं सोंग घेऊन सांगायचं, मी असं करतो, मी तसं करते. जमतं की नाही अशी शंका आली की फासा टाकायचा. मी डिक्शनरी घेऊन महिनाभर त्याच्याशी झटले आणि मग म्हटलं, मरू दे हे राजवाडे आणि राक्षस, आपला सातपुडा काय वाईट आहे? नियम माझे मी नव्याने बांधले. फासे कुठून आणायचे? पाच चिंचोके घेतले, एक बाजू दगडावर घासून पांढरी केली. जितके पांढरे पडतील तितकं नशीब. पाचही काळे पडले, तर सोंग मेलं.

बत्तीस पानांचं पुस्तक छापून घेतलं. शेवटच्या पानावर, गाइडांवर असते तशी सूचना ऐटीत टाकली: यातला कोणताही भाग लेखिकेच्या परवानगीशिवाय छापू नये. खाली घरचा पत्ता. केवढी मोठी झाल्यासारखं वाटलं होतं मला!

एक प्रत धुळ्याला गेली ती रुखवतातून. वर्गातल्या मैत्रिणीचं लग्न होतं. सगळ्यांनी लोकरीची तोरणं आणि मोत्यांचे गणपती मांडले, मी मध्ये माझं पुस्तक ठेवलं. तिच्या सासूने ते हळदीकुंकवाच्या ताटाखाली ठेवलं होतं म्हणे. तर कार्डं आल्यावर मी त्याच मैत्रिणीला पत्र टाकलं, हा काय प्रकार आहे ते बघ. आठ दिवसांत तिचं पाकीट आलं. आत एक पातळ पुस्तक. वर विहिरीचं चित्र. पहिली दहा पानं माझे नियम, शब्दाला शब्द. पुढे अहिराणीत एक गोष्ट, जी माझी नाही आणि जी मी रागाने वाचलीही नाही. आणि शेवटच्या पानावर माझीच ती ऐटबाज सूचना, माझ्याच पत्त्यासकट! खाली धुळ्याच्या एका छापखान्याचं नाव.

"नाना, नोटीस लिहा," मी म्हटलं.

नाना म्हणजे माझे वडील. जळगावच्या कोर्टाच्या आवारात लिंबाखाली पत्र्याची पेटी घेऊन बसायचे आणि लोकांचे दस्त लिहून द्यायचे. खरेदीखतं, वाटणीपत्रं, बांधाची भांडणं. माझ्या खेळाला ते 'चिंचोक्यांचा उद्योग' म्हणत.

"नोटीस लिहू," नाना म्हणाले, "पण आधी समोरच्याचं तोंड तर बघू. तू गाडीत बोलू नको, आवाज धुळ्यासाठी राखून ठेव."

सकाळच्या एसटीने निघालो. पारोळ्याच्या स्टँडवर नानांनी भजी घेतली, मी एक खाल्लं नाही. मनात भाषण पाठ करत होते.

छापखाना आग्रा रोडच्या मागच्या गल्लीत होता. खिडकीशी एक चाळिशीचा बारीक माणूस उभा होता. तो तिथला जुळारी, म्हणजे शिशाचे एकेक खिळे वेचून मजकूर जुळवणारा. मी दारातूनच माझं नाव सांगितलं आणि पुस्तक त्याच्यापुढे आपटलं.

माणूस घाबरेल की नाही? त्याचा चेहरा असा फुलला, की माझ्या भाषणाची सुरुवातच पुसली गेली. "अरे, ताई सोता उन्यात!" तो आत ओरडला. "बठ्ठा या रे आठे!" ताई आल्या म्हणून सगळ्यांना हाका मारायला लागला.

"चोरी केलीत तुम्ही!" मी भाषणाचा शेवटच आधी म्हणून टाकला.

"चोरी?" त्याला खरंच कळेना. "बठ्ठं लिखेल शे ना ताई. तुमनं नाव, तुमना पत्ता."

"आणि त्या पत्त्याच्या वर काय लिहिलंय? परवानगीशिवाय छापू नये!"

"हां," तो समाधानाने म्हणाला, "ते बी छापं ना!"

नाना तोंडावर उपरणं धरून खोकल्याचं निमित्त करायला लागले. मग हळूहळू उलगडा झाला. रुखवतातली प्रत हातोहात फिरत त्याच्यापर्यंत आली होती. समोरच्या कागदावरचं अक्षरही गाळायचं नाही, ही त्याची वीस वर्षांची सवय. माझे नियम घ्यायचे तर पानं पुरी घ्यायची, अर्धी घेतली तर लबाडी, असं त्याचं सरळ गणित. परवानगी आपण मागायची असते, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. आता आलं, आणि त्याचा चेहरा एकदम उतरला. त्याने मला आत नेऊन दाखवलं. दगडी मेजावर दोऱ्याने बांधलेली पानं ओळीने ठेवली होती. दुसरा भाग! गोष्ट त्याची स्वतःची; रोज काम सुटल्यावर थांबून त्याने ती दोन महिन्यांत जुळवली होती. मालकाने खिळे शनिवारपर्यंतच दिले होते, पुढे पानं मोडून ते लग्नपत्रिकांना लागणार. आणि तो दिवस शुक्रवार.

"तुम्ही नई म्हना तं आत्ते मोडी टाकसू," तो म्हणाला. "पन एकदाव खेळी दखा ताई. मंग मोडसू."

मी नानांकडे बघितलं. नाना म्हणाले, "गाडी चारची आहे."

मग बसलो. मशीन चालवणारा, मी, आणि जागा भरायला म्हणून नाना. जुळारी सांगणारा. सोंग कोणतं घेणार विचारल्यावर नाना म्हणाले, "मी कारकूनच बरा." मी वैदीण झाले. आणि त्याने आपली वही उघडून सुरुवात केली. डोंगरातलं गाव, एका दिवसात आटलेली विहीर, आणि तळातून येणारा जात्याचा आवाज. कोरड्या विहिरीत कोण दळतंय?

मला काय झालं ते कसं सांगू? तीन वर्षं मी हा खेळ खेळवत होते, पण दर वेळी सांगणारी मीच. कोणत्या वळणावर काय आहे ते मला आधीच ठाऊक. त्या दुपारी, शाईच्या वासात बसून, मला पहिल्यांदा माझ्याच खेळात पुढचं काही माहीत नव्हतं! नाना गावच्या पाटलाकडून विहिरीत उतरण्याचा लेखी करार मागत होते, मशीनवाला हसून लोळत होता, आणि मी मांडी बदलून बदलून पुढे सरकत होते.

मी दोर धरून उतरले. चिंचोके टाकले. पाचही काळे.

"मेले मी," मी म्हटलं. माझाच नियम.

"नई नई," जुळारी लाजत म्हणाला. छापताना माझाच ठेवला, पण खेळताना हा एकच नियम त्याने बदलला होता. पाचही काळे पडले तर सोंग मरत नाही. उजव्या हाताला बसलेल्याने सांगायचं, काय बिघडलं ते.

अगं बाई! हे मला का नाही सुचलं? जीव जळला अगदी, खोटं कशाला बोलू. आणि त्याच वेळी उठून नाचावंसंही वाटलं.

माझ्या उजव्या हाताला नाना होते. आयुष्यभर दुसऱ्यांचं म्हणणं लिहिलेला माणूस. त्यांनी चिंचोके एकेक करून उलटून पाहिले. मग म्हणाले, "दोर तुटला." आणि चिंचोके माझ्याकडे सरकवत म्हणाले, "पण तुटायच्या आधी तिनं खाली उजेड पाहिला. समईचा."

मी नानांकडे बघतच राहिले. जुळारी तर वहीतलं विसरून नानांच्याच उजेडाचा धागा धरून पुढे निघाला. मी पडले ती मऊ पिठात. समोर एक बाई पाठमोरी दळत बसली होती. मागे न बघता म्हणाली, "आलीस? उशीर केलास, बाई."

आणि त्याने वही मिटली.

"पुढे?" मी ओरडलेच.

"ते दुसरा भागमा शे, ताई."

मेजावरच्या त्या बांधलेल्या पानांकडे आम्ही सगळ्यांनीच बघितलं. शनिवारी मोडायच्या पानांकडे.

"नाना," मी म्हटलं, "लिहा. नोटीस नाही. परवानगी. आणि नुसती यांना नाही, ज्याला कोणाला करायचं असेल त्याला. पण माझं असं सगळंच जाईल का हो?"

नानांनी पिशवीतून कागद काढला. "हे बघ," ते म्हणाले, "शेत तुझंच राहतं. दुसऱ्याची गाडी त्यातून जाऊ द्यायची, एवढंच. त्याला वहिवाट म्हणतात." आणि भराभर लिहायला लागले. या खेळाच्या नियमांतून कोणासही आपल्या गोष्टीसह कायम जाण्यायेण्याचा हक्क राहील. वाट कोणाच्या शेतातली, ते नाव सांगावं. आपल्या मागून येणाऱ्यास अडवू नये, हा कागद पुढे तसाच छापावा. लेखिकेच्या स्वतःच्या गोष्टी मात्र वाटेत मोडत नाहीत, ते उभं पीक आहे. जुळारी मान वाकडी करून एकेक ओळ मनात जुळवत होता.

सहीसाठी कागद पुढे केला आणि नानांनी तो बोटाने दाबून धरला. "ऐक. वहिवाट एकदा दिली की परत बंद होत नाही. उद्या कोणी तुझ्यापेक्षा सरस काढलं आणि तुझं डोकं फिरलं, म्हणून काटे टाकायला जाशील, तर चालायचं नाही. मी तुला ओळखतो."

ओळखत होतेच ते. तेवढं बोलल्यावर माझा हात थांबला, हे कबूल करते. माझ्यापेक्षा सरस? तो माणूस तर समोरच उभा होता, काळ्या बोटांनी चष्मा पुसत.

मी सही केली. एवढी दाबून केली, की निब वाकली.

जुळाऱ्याचे डोळे भरले. हात कुठे पुसावे कळेना त्याला. मग माझ्याकडे वाकून, आपल्याकडे द्यायला दुसरं काहीच नाही अशा सुरात, हळूच म्हणाला, "ताई, पुढे काय व्हस, तुमले सांगी टाकू का?"

"खबरदार!" मी म्हटलं. "छापा आधी. मी विकत घेऊन वाचणार आहे."