नानाचे खारे गोळे

नाना गेल्याचा निरोप मालवणहून येणाऱ्या एसटीच्या कंडक्टरने कुडाळला मी शिकवतो त्या शाळेत आणून दिला. त्याला आता महिना होऊन गेला. दिवसकार्य पार पडलं, येणाऱ्याजाणाऱ्यांनी 'काय देवमाणूस होता' म्हणून उसासे टाकले आणि मी प्रत्येकापुढे नंदीबैलासारखी मान हलवली. खरं सांगतो, त्या 'देवमाणूस' शब्दाची मला शिसारी बसली आहे. हाच माणूस जिवंत असताना त्याच्या हातचा घास कुणाच्या घशाखाली उतरत नव्हता, आणि त्यात पहिला मी होतो.

नाना माझा धाकटा चुलता. परदेशी मालवाहू बोटीवर भटारखान्यात होता. माझे आईवडील पाठोपाठ गेले तेव्हा बोट सोडून घरी आला, आणि मला नि माझ्या बहिणीला, शालूला, त्यानेच वाढवलं. स्वतः लग्न केलं नाही. त्या भटारखान्यात एक जर्मन पाववाला आणि एक इटालियन स्वयंपाकी होता, आणि दोघांमधून विस्तव जात नव्हता. नानाने गुपचूप एकाच्या प्रेट्झेलच्या, म्हणजे खाऱ्या जर्मन पावाच्या, पिठात दुसऱ्याच्या पिझ्झाचं सारण भरलं आणि हा आपला शोध मालवणात घेऊन आला. मैदा तो माडी घालून फुगवायचा. दारूबंदीच्या दिवसांत ती कुठून मिळवायचा ते विचारू नये. मागच्या पडवीत ते आंबूस पीठ फसफसत पडलेलं, त्यावर माश्या... टोमॅटो आणि लसूण आटवून त्यात डब्यातलं चीज घालायचा, ज्याला न घासलेल्या ताकाच्या मडक्याचा वास. मग मोदकासारखं तोंड मिटून गोळे पापडखाराच्या उकळत्या पाण्यात सोडायचा. ते वर येत बुळबुळीत, करडे. वर जाडं मीठ पेरून, खालीवर निखारे ठेवून तो ते भाजायचा. भाजल्यावर छान तांबूस होत, हे आज कबूल करतो. तेव्हा मी एकदाच चाखला आणि त्याच्यादेखत थुंकलो. मीठ जास्त झालं असेल, म्हणाला बिचारा.

शालूला सव्विसावं लागलं होतं. दोन स्थळं मोडली होती, त्यातलं एक तर 'चुलता बोटीवर कुणाकुणाच्या हातचं खाऊन आलाय' एवढ्यावरून. आरोंद्याचे तात्या मुलाला घेऊन बघायला येणार होते, तेव्हा मी नानाला बजावलं होतं की पोहे आणि खोबऱ्याच्या वड्या, बस्स. पण त्याच्या आनंदाला आवर कुठला... पोरीचं लग्न ठरतंय म्हणून पहाटेपासून खपून, धुतलेलं धोतर नेसून, तो गोळ्यांचं ताट घेऊन बाहेर आला. ओटीभर वास सुटला. तात्यांच्या भुवया वर गेल्या. हेही स्थळ गेलं, असं मला वाटलं.

“नाना, ता कुत्र्याक घालूचा आसा,” मी म्हणालो.

आमच्याकडे कुत्रा नव्हता.

नानाने ताट मागे घेतलं. “होय तर,” तो म्हणाला, “चुकान भायर हाडलंय.” अंगणात जाऊन त्याने शेजाऱ्यांचं कुत्रं बोलावलं आणि एकेक गोळा मोडून, फुंकून, त्याला घातला... पाहुण्यांना नीट दिसेल असा. माझं खोटं उघडं पडू नये म्हणून. लग्न ठरलं. नानाने पुन्हा मैद्याला हात लावला नाही आणि मला एका शब्दाने बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. मीही कधी विषय काढला नाही, आणि आता स्वतःची किळस येते तेव्हा ती कुठे थुंकायची हे कळत नाही.

तेराव्यानंतर तात्या भेटायला आले. थकलेत आता. संकोचून म्हणाले, “त्या दिसा नानांनी हाडलेला ता काय होता ओ? वास कसलो बरो इल्लो. तुमी कुत्र्याक म्हणालात, म्हणान मी मागूक नाय.”

शालू दारात उभी होती. खरं सांगायला याहून चांगली वेळ पुन्हा मिळायची नाही, हे मला कळत होतं. मी म्हणालो, त्या दिवशी नानाचं पीठ बिघडलं होतं.

नानाचं पीठ कधीच बिघडलं नव्हतं.