वीरबालेला अर्चना म्हणणाऱ्या वैरागडे मॅडम

श्रीमती कुमुद वैरागडे यांची आणि माझी पहिली भेट झाली, तेव्हा रायपूर नव्या छत्तीसगढची राजधानी होऊन फार दिवस झाले नव्हते. भोपाळहून साहेब लोक सामानसुमान घेऊन येत होते, घरभाडी वाढत होती आणि पंडरी बाजारातल्या दुकानांच्या पाट्यांवर 'राजधानी' हा शब्द नव्या रंगात चढत होता. त्याच धामधुमीत माझे बाबाही बदलून आले. ते फौजेत हवालदार होते, कामाने क्लर्क. इथल्या एनसीसीच्या कार्यालयात त्यांची नेमणूक झाली आणि दिवाळीनंतर, वर्गातल्या मैत्रिणींच्या जोड्या जमून गेल्यावर, मी सातवीत दाखल झाले. मॅडम मराठी मंडळींच्या या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. माझ्या घट्ट वेण्यांकडे पाहत त्यांनी विचारले, "मराठी येते ना तुले?"

मी म्हटले, "येते, पण घरातली."

त्या खळखळून हसल्या. "इथं सगळ्यांची घरातलीच आहे, बेटा. जा वर्गात."

फौजींच्या मुलांना नाव मिळायला वेळ लागतो, बिरुदे मात्र पहिल्याच दिवशी मिळतात. बाबांचे गाव दर्यापूरकडचे, पण तिथे आम्ही लग्नकार्यापुरते जाणार. माझा जन्म अंबाल्याचा, बोलणे छावणीतल्या हिंदीचे. 'गाव कोणतं?' या साध्या प्रश्नाला मी स्टेशनवरच्या घोषणेसारखी यादी म्हणून दाखवत असे. चौबे कॉलोनीतल्या शेजारणी माझ्या आईला 'कॅन्टीनवाली' म्हणत, कारण फौजी कॅन्टीनमध्ये प्रेशर कुकर स्वस्त मिळतो ही बातमी आमच्या ट्रकच्या आधी कॉलोनीत पोचली होती. वर्गात मी 'फौजी' होते आणि जरा ओळख वाढली की 'जानेवाली'. "इसको क्या सिखाना, ये तो जानेवाली है," असे खो-खोची कप्तान रश्मी माझ्यासमोरच म्हणाली होती. त्यात खोटे काही नव्हते, म्हणून भांडताही येत नव्हते. मला शाळेच्या खो-खो संघात जागा हवी होती, आणि ती माझ्या पायांवर मिळवलेली हवी होती. एखाद्या गावात तरी आपल्याला आपल्या नावाने ओळखावे, एवढीच त्यामागची हाव.

आता मी मॅडमच्या एका चुकीबद्दल लिहिणार आहे. मॅडमच्या पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथात चूक कशाला, असे संपादक मंडळाने विचारलेच. मी मॅडमना फोन केला तर त्या म्हणाल्या, "लिही ना. बाकीचे सगळे माझे गुणच लिहून राहिले, वाचणाऱ्याले झोप येईल."

तर त्या वर्षीच्या सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर मॅडमनी माइकवरून माझे नाव पुकारले, मला मंचावर बोलावले आणि गळ्यात झेंडूचा हार घातला. "ही वीराची मुलगी आहे, हिच्यासाठी टाळ्या!" सगळी शाळा टाळ्या वाजवत होती. मॅडमचे डोळे भरून आले होते. त्यांच्या मनात माया सोडून दुसरे काही नव्हते, हे मला तेव्हाही दिसत होते. पण माझे वीर बाबा त्या वेळी कार्यालयात बसून गणवेशांच्या मापांची जुळवाजुळव करत होते, आणि मी तर काहीच केले नव्हते. मान खाली घालून मी मंचावरून उतरले.

दुसऱ्या दिवसापासून मी 'वीरबाला' झाले. मुली सलाम ठोकायच्या. खेळाच्या सरांनी तर कहरच केला. "फौजी की बेटी है, दौड़ेगी ही," म्हणून त्यांनी मला न धावताच संघात घेतले आणि एका मुलीला बाहेर बसवले. रश्मीने माझ्याकडे असे काही पाहिले की मला तो संघही नको झाला आणि ती शाळाही.

मी तडक मॅडमच्या खोलीत गेले. आत शिरताच बोलून टाकले, "मॅडम, मले वीरबाला नका म्हणू. बाबा फौजेत आहेत, मी नाही. मले टीममध्ये घ्यायचं तर पळवून बघा ना."

मॅडमनी चष्मा काढला. आता ओरडणार, असे वाटले. त्यांनी विचारले, "हार घातला तेव्हा काहून नाही बोलली?"

"सगळे टाळ्या वाजवत होते."

त्यांनी चष्मा पदराला पुसून पुन्हा लावला. मग म्हणाल्या, "चुकलंच माझं, अर्चना."

एवढ्यावरही मी खूश होते. पण दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर त्यांनी माइक हातात घेतला आणि सगळ्या शाळेसमोर सांगितले, "सव्वीस जानेवारीले मी एका मुलीले तिच्या वडिलांच्या नावानं हार घातला, तिले विचारलंही नाही. ते चुकलं. तिचं नाव अर्चना आहे. आज खो-खोची निवड पुन्हा होईल आणि सगळ्या मुली पळतील." मुख्याध्यापिका मुलांपुढे चूक कबूल करतात, हे मी त्याआधी ज्या ज्या गावी शिकले तिथे कुठेच पाहिले नव्हते. त्यानंतरही फारसे पाहिलेले नाही.

निवडीचे काय झाले, हे ऐकायला तुम्ही उत्सुक असाल. मी पहिल्याच फेरीत, दोन खांबांच्या मधोमध, स्वतःच्याच पायात पाय अडकून आपटले. गुडघा फुटला, तोंडात धूळ गेली आणि मी बाद झाले. मग मॅडम पदर तोंडाला लावून हसू लागल्या. "चला, समजलं सगळ्यांना, फौजीच्या पोट्ट्याही पडतात!" सगळे मैदान हसले आणि मीही धुळीत बसल्या बसल्या हसले. रश्मीने हात देऊन मला उठवले आणि म्हणाली, "अर्चना, तू मुड़ते टाइम बहुत सीधी रहती है. कल जल्दी आना, सिखाऊँगी."

मी फक्त "हव" म्हटले. छत्तीसगढी होकार माझ्या तोंडून आपोआप निघाला, तो त्या दिवशी पहिल्यांदा. पुढच्या वर्षी मी संघात होते, आणि कोणाच्या मेहरबानीने नव्हे.

त्या प्रसंगानंतर मॅडमनी शिक्षकांच्या खोलीत एक दंडक घातला. कोणत्याही मुलाला 'तो फौजीवाला', 'ती भोपाळवाली', 'तो बंगल्यातला' असे म्हटले की मॅडम विचारणार, "नाव काय त्याचं?" नाव सांगता आले नाही तर मधल्या सुट्टीत सगळ्यांना आलूगुंडे, म्हणजे इथले बटाटेवडे, खाऊ घालायचे. पुढे मी याच शाळेत क्रीडाशिक्षिका म्हणून लागले, तेव्हा मॅडमची निवृत्ती जवळ आली होती, पण दंडक कायम होता. माझ्या पहिल्याच आठवड्यात शिक्षकांनी माझ्याकडून आलूगुंडे वसूल केले आणि सगळ्यात जास्त मॅडमनीच खाल्ले.

त्यांच्या वैयक्तिक मायेबद्दल लिहायचे तर माझी दहावी सांगावी लागेल. ऐन वर्षात बाबांची बदली जोधपूरला झाली. पुन्हा मधूनच शाळा बदलायची, या विचाराने मी जेवण सोडले होते. मॅडम घरी आल्या आणि आईला म्हणाल्या, "ही परीक्षेपर्यंत माझ्याकडे राहील. स्वयंपाक मले येत नाही, पण उपाशी नाही ठेवणार." स्वयंपाक खरेच येत नव्हता. भात मॅडमचे यजमान, आमचे काकाच लावायचे, रेल्वेतली ड्यूटी करून आल्यावर. आणि ज्या बाईंनी फौजीच्या मुलीला असे घर दिले, त्यांना स्वतःला प्रवासाचा एवढा वैताग की तासाभरावरच्या दुर्गपर्यंत बसने जायचे तरी लिंबू हुंगत जातात! जन्मभर एकाच शहरात राहिलेल्या या माणसाला, सतत घर बदलणाऱ्यांचे दुखणे इतके नेमके कसे कळले, हे कोडे मला अजून सुटलेले नाही.

बाबा निवृत्त झाले तेव्हा त्यांनी विचारले, आता कुठे राहायचे? दर्यापूरकडे भावकी होती, पुण्यात त्यांचे फौजेतले दोस्त होते. मी म्हटले, "रायपूर." बाबा चकित झाले. "तिथं आपलं कोण आहे?" मी म्हटले, "तिथं मला ओळखतात." बाबांनी तेलीबांध्याकडे घर घेतले. आज कोणी गाव विचारले की माझे उत्तर एका शब्दात संपते.

मॅडम, या अमृतमहोत्सवात सगळे तुम्हाला दीर्घायुष्य चिंतत आहेत. मीही चिंतते, पण माझ्या शुभेच्छेत स्वार्थ आहे आणि तो सांगून टाकते. आमच्यासारख्या मुलांचे लहानपण पाहिलेली माणसे गावोगावी मागे राहतात. तिथली छावणी बदलते, शेजार बदलतो, आमची आठवण असलेले कोणी उरत नाही. मी सातवीत होते, मी मैदानात आपटले होते, मी रडत होते आणि हसतही होते, हे आईबाबांखेरीज सांगू शकणारे वडीलधारे माणूस मला या जगात एकच आहे. म्हणून तुमच्या गुडघ्यांनी साथ द्यावी, साखर ताब्यात राहावी, काकांचा भात तुम्हाला रोज गरम मिळावा आणि तुम्ही खूप खूप वर्षे जगावे. तुम्ही आहात, तोवर मीही कुठेतरी लहान होते, याला साक्ष आहे.